चाळिशीनंतर घरातल्या घरात सायकल शर्यत: नवख्यांसाठी पहिल्या पावलापासून

सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येईल अशा यंत्रावर, बसवून, समोरच्या पडद्यावरच्या रस्त्यावर, जगभरातल्या सायकलस्वारांबरोबर त्याच क्षणी शर्यत लावता येते, हे आता बहुतेक सायकलप्रेमींच्या कानावर गेलेले असते. झ्विफ्ट हे यातले सर्वांत परिचित ॲप २०१४ मध्ये सुरू झाले, २०२० च्या टाळेबंदीत ते घरोघरी पोहोचले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, या प्रकारातली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झ्विफ्टमधल्या वॉटोपिया या काल्पनिक बेटावर घेतली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबॉर्न जिंकला, जो मुळात नौकानयनपटू होता आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून आला. महिलांत दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ पहिली आली आणि त्या दिवशी तिने वयाची ३५ वर्षे पूर्ण केली होती. यूसीआयच्या हौशी स्पर्धांत ज्या वयापासून सायकलस्वाराला ‘मास्टर्स’ म्हणून वेगळ्या गटात टाकले जाते, त्या वयाची स्त्री खुल्या गटात जगज्जेती झाली, ही गोष्ट मला अतिशय महत्त्वाची वाटते.

हा लेख मात्र जगज्जेत्यांसाठी नाही. ज्यांनी चाळिशी, पन्नाशी किंवा साठी गाठली आहे, जे रविवारी घाटात जातात किंवा कधीकाळी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करत होते, ज्यांना पावसाळ्याचे चार महिने सायकल कोपऱ्यात उभी ठेवणे जिवावर येते आणि ज्यांना घरच्या घरी शर्यत लावून पाहण्याची इच्छा आहे, परंतु कोठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी तो आहे. वय वाढते तसे शरीर मंदावते, हे येथेही खरेच आहे. परंतु येथे प्रत्येकाची ताकद वॅटमध्ये मोजली जाते आणि त्यामुळे आपल्याच ताकदीची माणसे शोधून त्यांच्याशी लढता येते. सारा आनंद या एका गोष्टीत आहे आणि पुढचे सगळे टप्पे तेथे पोहोचण्यासाठी आहेत.

पहिला टप्पा: डॉक्टरांची भेट

सामान विकत घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे. शर्यतीत हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या जवळ जातात आणि तेथे बराच वेळ राहतात. रस्त्यावरच्या मित्रमंडळींच्या राईडमध्ये असे क्वचित घडते. पंचेचाळीसच्या पुढे वय असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान यांपैकी काही असेल, तर ताण-चाचणी करावी का हे स्पष्टपणे विचारावे आणि ‘मी सायकल चालवतो’ एवढेच न सांगता ‘मी पाऊण तास धाप लागेपर्यंत जोर लावणार आहे’ असे सांगावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच वर जात नाहीत, त्यामुळे अशा व्यक्तीने ठोक्यांच्या तक्त्यावर विसंबू नये. तिने वॅट आणि स्वतःची धाप यांवरून जोर ठरवावा.

कमाल ठोक्यांसाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते, परंतु उतारवयात ते बऱ्याच जणांना कमी आकडा देते. २०८ मधून वयाचा सात-दशांश भाग वजा करण्याचे सूत्र अधिक जवळ जाते: साठाव्या वर्षी पहिले सूत्र १६० सांगते आणि दुसरे १६६. दोन्ही सरासरीचीच आहेत, एखाद्या व्यक्तीत दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून घड्याळात आपोआप भरलेला आकडा अंतिम मानू नये.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबावे, मग शर्यतीचे शेवटचे दोनशे मीटर का उरलेले असेनात. ट्रेनरच्या खोलीचे दार आतून लावू नये आणि घरात कोणीतरी जागे असताना शर्यत लावावी. तापातून उठल्यावर निदान काही दिवस शर्यत टाळावी. हळू पेडल मारून अंदाज घ्यावा.

दुसरा टप्पा: ट्रेनर आणि खोली

ट्रेनर दोन प्रकारचे मिळतात. एकात मागचे चाक तसेच ठेवून त्याच्या टायरवर रोलर दाबला जातो. दुसऱ्यात मागचे चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर चढवली जाते आणि चेन ट्रेनरच्याच कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचावर, फिरते. पहिला स्वस्त असतो, परंतु टायरमधली हवा, रोलरचा दाब आणि टायरची उष्णता यांनुसार त्याचे वॅट बदलतात, म्हणून दहा मिनिटे चालवून टायर गरम झाल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळवणी, प्रत्येक वेळी करावी लागते. दुसरा महाग असतो, पण चांगल्या ट्रेनरची चूक एक ते दोन टक्क्यांच्या आत राहते. शर्यत लावायचीच असेल तर दुसरा घ्यावा आणि खिसा परवानगी देत नसेल तर वापरलेला घ्यावा, असे माझे मत आहे. सायकल गटांत असे ट्रेनर विकायला निघत असतात, कारण हौसेने घेऊन सहा महिन्यांत कंटाळणारे पुष्कळ असतात. घेण्याआधी आपल्या सायकलचा मागचा ॲक्सल (चाकाचा आस) कोणत्या मापाचा आहे आणि कॅसेट किती गिअरची आहे, हे दुकानदाराला दाखवून खात्री करावी. हायब्रिड सायकलही चालते. नवी रोड बाईक लगेच घेण्याची गरज नाही.

याशिवाय छातीवरचा हृदयठोके-पट्टा घ्यावा, कारण अनेक शर्यतींत तो नसल्यास निकाल ग्राह्य धरत नाहीत. ॲप लॅपटॉपवर, टॅबवर किंवा बऱ्यापैकी नव्या फोनवर चालते. झ्विफ्टला दरमहा पैसे भरावे लागतात. अबुधाबीचे मायवूश विनामूल्य आहे आणि २०२४ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्यावरच झाली. पहिले दोन महिने मायवूशवर घालवून मग पैसे भरायचे की नाही हे ठरवणे शहाणपणाचे आहे, मात्र माणसांची गर्दी आणि दर तासाला मिळणाऱ्या शर्यती यांत झ्विफ्ट पुढे आहे.

आता पंख्याविषयी, कारण नवखे लोक सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच करतात. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना अंगावर सतत वारा येतो. खोलीत तो शून्य असतो. छताचा पंखा पुरत नाही. मोठा उभा पंखा समोरून छाती आणि चेहऱ्यावर येईल असा ठेवावा, शक्यतो दोन ठेवावेत आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत खिडकीही उघडी असावी. अंग तापले की त्याच वॅटला ठोके दहा-पंधराने वर चढतात, आणि उतारवयात घाम येण्याची व उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा आधीच थोडी मंद झालेली असते. त्यामुळे तरुणाला ज्या खोलीत केवळ घाम येतो त्याच खोलीत साठीच्या माणसाला चक्कर येऊ शकते. पाऊण तासाच्या शर्यतीला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी जवळ ठेवावे. त्यात लिंबू, मीठ, साखर घालायला हरकत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे डॉक्टरांना विचारावे.

हँडलबारवर टॉवेल टाकावा आणि शर्यत संपताच हँडल जेथे फ्रेमला जोडलेले असते तेथले भाग (हेडसेट, स्टेम) आणि तेथले बोल्ट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, कारण खारट घामाने ते आतून गंजतात आणि ही गोष्ट बरीच उशिरा लक्षात येते. ट्रेनरखाली जाड रबरी मॅट हवी; इमारतीत खालच्या मजल्यावर आवाजापेक्षा कंप जास्त पोहोचतो आणि पहाटे साडेपाचला तो कोणालाही नकोसा होतो. खालच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून घेतलेले बरे. राउटर आणि ट्रेनर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत, कारण वीज एका क्षणासाठी जरी गेली तरी पडद्यावरचा आपला सायकलस्वार थांबतो आणि गट निघून जातो.

तिसरा टप्पा: खरे वजन, खरी उंची

ॲपमध्ये वजन आणि उंची भरावी लागते, आणि या दोन आकड्यांवर सगळा डोलारा उभा असतो. चढावरचा वेग मुख्यतः वॅट भागिले वजन या गुणोत्तरावर ठरतो आणि सपाटीवर उंचीनुसार वाऱ्याचा विरोध ठरतो. ७५ किलोचा माणूस २१० वॅट देत असेल तर त्याचे गुणोत्तर २.८ येते; त्याने वजन ७० लिहिले तर तेच ३.० होते, म्हणजे एक थेंबही घाम न गाळता तो अनेक महिन्यांच्या सरावाएवढा पुढे जातो. खोटे वजन हा या खेळातला सर्वांत जुना रोग आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून भरावे. दिवाळीत वाढले तर वाढलेले भरावे. लग्नाच्या वेळची उंची भरू नये, भिंतीला पाठ लावून नव्याने मोजावी, कारण साठीपर्यंत एखाद-दोन सेंटिमीटर कमी झालेली असते. मी हे इतक्या आग्रहाने लिहितो, कारण एकदा मित्रांमध्ये कोणाच्या वजनाविषयी शंका आली की त्यानंतरची प्रत्येक शर्यत नासते.

चौथा टप्पा: एफटीपी आणि गट

सुमारे एक तास टिकवता येईल अशा कमाल सरासरी वॅटला एफटीपी म्हणतात. तो काढण्याच्या दोन पद्धती ॲपमध्येच असतात. एकीत वीस मिनिटे पूर्ण जोर लावून त्या सरासरीच्या ९५ टक्के घेतले जातात. दुसरीत दर मिनिटाला वॅट वाढत जातात आणि जेथे पाय थांबतात तेथल्या शेवटच्या मिनिटाच्या ७५ टक्के घेतले जातात. नवख्यांनी दुसरी करावी, ती वीसेक मिनिटांत संपते आणि जोर कसा वाटून घ्यावा याचा अनुभव लागत नाही. घरातला आकडा रस्त्यावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. उष्णता, हलता न येणारी सायकल आणि उतारावर न मिळणारी विश्रांती ही त्याची कारणे आहेत, म्हणून नाउमेद होऊ नये.

झ्विफ्टमध्ये जुनी विभागणी चार गटांची होती: प्रतिकिलो ४.० वॅटच्या वर ए, ३.२ ते ४.० बी, २.५ ते ३.२ सी आणि त्याखाली डी. पुढे आपल्या गटापेक्षा दुबळ्या गटात घुसण्यावर ॲपनेच बंदी घातली आणि २०२४ पासून शून्य ते हजार गुणांची क्रमवारी आली, जिच्यात ताकदीबरोबर शर्यतींचे निकालही धरले जातात. कोणती शर्यत कोणत्या पद्धतीने विभागली आहे हे तिच्या पानावर दिलेले असते. बहुतेक पन्नाशीच्या नवख्यांचा आरंभ डी किंवा सी गटात होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. डी गटातली पहिल्या दहातली झुंज ए गटातल्या झुंजीइतकीच जीव काढते. याशिवाय वयोगटांच्या स्वतंत्र शर्यतीही असतात. माझा कल मात्र ताकदीच्या गटाकडे आहे, कारण पंचावन्न वर्षांचे दोन पुरुष एकमेकांपासून शंभर वॅट दूर असू शकतात.

पाचवा टप्पा: शर्यत निवडणे

पहिली शर्यत पंधरा ते पंचवीस किलोमीटरची आणि सपाट घ्यावी. वॉटोपियातला ‘टेम्पस फ्युजिट’ हा सुमारे सतरा किलोमीटरचा जवळपास पूर्ण सपाट मार्ग आहे. ज्वालामुखीभोवतीचा चार किलोमीटरचा फेराही चांगला, कारण तोच रस्ता पुन्हा पुन्हा येतो आणि कोठे दम लागतो हे कळते. ‘आल्प द्यू झ्विफ्ट’ हा फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाची नक्कल असलेला २१ वळणांचा, १२.२ किलोमीटरचा आणि १,०३६ मीटर चढणारा मार्ग सर्वांना खुणावतो, परंतु तो पहिल्या महिन्यात शर्यतीसाठी घेऊ नये. एकट्याने, घड्याळ न पाहता चढून यावे.

वेळेचा हिशेब भारतात राहणाऱ्यांना नीट करावा लागतो. ब्रिटनमध्ये संध्याकाळी सातची, म्हणजे सर्वाधिक गर्दीची, शर्यत आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येते. रात्री अकरानंतर शर्यत लावली तर रक्तात उसळलेली चेतना तासदोन तास झोपू देत नाही आणि वय वाढते तशी बुडालेली झोप भरून काढणे अवघड होत जाते. त्याउलट सकाळी सहाला अमेरिकेतली संध्याकाळ चालू असते, ऑस्ट्रेलियातली सकाळ आणि न्यूझीलंडमधली दुपार. गर्दी पुरेशी मिळते आणि आंघोळ करून दिवस सुरू करता येतो.

शर्यतीआधी निदान तीन-चार दिवस गटातून चालवण्याचा सराव करावा. ठरावीक जोराने अखंड फिरणारे, ॲपनेच चालवलेले रोबोपेसर आणि त्यांच्याभोवती जमलेला जमाव यासाठीच उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्याने वाचणारी मेहनत, म्हणजे ड्राफ्ट, येथेही हुबेहूब मोजली जाते: सपाटीवर मोठ्या गटाच्या आत सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश वॅट वाचतात. थोडा जास्त जोर लावला की आपण नकळत गटाच्या तोंडाशी येतो आणि सर्वांचा वारा आपल्या छातीवर घेतो. थोडा कमी पडला की शेपटाकडे घसरतो आणि मग दहा मीटरची फट पडते. मधोमध राहण्याची ही कला दोन-तीन तासांच्या सरावाने हाती लागते, आणि शर्यतीत उतारवयाच्या माणसाला ताकदीपेक्षा तिचाच जास्त उपयोग होतो.

सहावा टप्पा: शर्यतीचा दिवस

दोन तास आधी हलके खावे. पोहे किंवा केळे पुरते. सकाळी सहाची शर्यत असेल तर अर्धे केळे आणि पाणी घेऊन बसावे. मग सर्वांत महत्त्वाचे: वीस मिनिटे शरीर गरम करावे. तरुण पाच मिनिटांत तयार होतो, पन्नाशीनंतर स्नायूंना आणि हृदयाला अधिक वेळ लागतो, आणि या शर्यतींची पहिली तीन मिनिटे सर्वांत निर्दय असतात. दहा मिनिटे सैल पेडल, मग वाढत्या जोराची पाच मिनिटे, मग तीस-तीस सेकंदांचे तीन जोरदार झटके आणि पुन्हा सैल. ट्रेनरचा ‘अर्ग’ मोड बंद आहे याची खात्री करावी. तो चालू राहिला तर ट्रेनर वॅट बांधून ठेवतो आणि वेग वाढवता येत नाही.

पडद्यावर उलटी मोजणी चालू असताना शेवटची दहा-पंधरा सेकंदे पेडलला जोर द्यायला सुरुवात करावी, कारण ट्रेनरचा आकडा पडद्यावर पोहोचायला क्षणभर लागतो. शून्य होताच सगळे सुटतात. समजा, तुमचा एफटीपी १९० आहे: पहिली मिनिट-दीड मिनिट तुम्हाला २८० ते ३०० वॅट द्यावे लागतील, ठोके भराभर चढतील आणि हे पंचवीस मिनिटे कसे जमणार असा विचार मनात येईल. तो विचार सर्वांच्याच मनात येत असतो. उजवीकडच्या यादीत नावे वरखाली होत राहतात. त्या यादीतल्या सेकंदांकडे पाहावे, नावांकडे पाहू नये. पुढचा गट दोन सेकंदांवर असेल तर त्या क्षणी जोर लावून चिकटावे. आठ सेकंदांवर गेला असेल तर एकट्याने पाठलाग करणे व्यर्थ, मागून येणाऱ्या गटाची वाट पाहून त्यात शिरावे. तीनेक मिनिटांनी वेग बसतो आणि त्याच गटात तुम्ही १६० वॅटवर टिकून राहता. मग एखादा चाळीस सेकंदांचा चढ येतो आणि पुन्हा २६० लागतात. नवखे माथा दिसला की पाय सैल करतात आणि तेथेच गट सुटतो, कारण पुढचे लोक माथ्यापलीकडे उतारावर वेग घेत असतात. माथा ओलांडून पाच सेकंदांपर्यंत जोर सोडू नये, एवढी एक सवय लावली तरी निकाल दहा-पंधरा क्रमांकांनी सुधारतो.

शेवटच्या स्प्रिंटमध्ये तरुणांशी बरोबरी होणे कठीण. वयाबरोबर झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी घटतात, त्यामुळे पंधरा सेकंदांची ताकद लवकर ओसरते आणि वीस-तीस मिनिटांची दमदारी त्यामानाने टिकते. म्हणून शेवटच्या दोनशे मीटरवर सर्वांबरोबर उठण्यापेक्षा, शेवटचा चढ असेल तर तेथे किंवा चारशे-पाचशे मीटरवर, गट दम घेत असताना एकसारखा जोर लावून निघावे. कधी साधते, कधी ऐनवेळी सगळे गाठतात. पण गटाच्या हाती निमूट सापडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. मार्गात मिळणाऱ्या बक्षीस-शक्तींपैकी काही क्षण वजन कमी करणारे पीस चढासाठी आणि वारा कमी करणारे हेल्मेट या शेवटच्या हल्ल्यासाठी राखून ठेवावे.

संपल्यावर लगेच उतरू नये. दहा मिनिटे सैल पेडल मारावे. एकदम थांबल्यास पायांत साठलेल्या रक्तामुळे घेरी येते.

सातवा टप्पा: आठवड्याची आखणी

सर्वसाधारणपणे तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे दहा टक्क्यांनी घटते असे मानले जाते आणि नेटाने कठोर सराव करत राहणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. फ्रान्सचा रोबेर मार्शां हा त्याचा सर्वांत विलक्षण दाखला. वयाच्या शंभराव्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याने वेलोड्रोमवर एका तासात २४.२५ किलोमीटर कापले. दोन वर्षांनी, १०२ वर्षांचा असताना, २६.९२७ किलोमीटर. या मधल्या काळात शास्त्रज्ञ व्हेरोनिक बिया यांनी त्याचा सराव आखला होता. त्याची प्राणवायू-क्षमता घटण्याऐवजी दर किलो वजनामागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेली. आणि ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्याने तासात २२.५४७ किलोमीटरची नोंद केली. त्याच्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग हलका आणि २० टक्के कष्टाचा होता. हे प्रमाण आपण जसेच्या तसे उचलावे.

व्यवहारात त्याचा अर्थ असा की आठवड्यात एकच शर्यत, फार तर दोन, आणि त्यांच्यात निदान दोन दिवसांचे अंतर. बाकी सायकल गप्पा मारता येतील इतक्या हळू चालवावी. घरातल्या शर्यतीचा मोठा धोका असा की ती दर तासाला उपलब्ध असते आणि हरलेला माणूस दुसऱ्याच दिवशी उट्टे काढायला बसतो. महिन्याभरात झोप बिघडते, सकाळचे ठोके वाढतात आणि वॅट खाली येतात.

सायकलीत हाडांवर शरीराचा भार पडत नाही, म्हणून केवळ ट्रेनरवर विसंबणाऱ्याची हाडे मजबूत होत नाहीत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. आठवड्यातून दोनदा वजने उचलावीत, निदान उठाबशा, पायऱ्या आणि दोर-ओढीचे व्यायाम करावेत. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. वरण-भातावर ती पुरी होत नाहीत, त्यासाठी उसळी, दही, पनीर, अंडी किंवा मासे रोज हवेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आठवा टप्पा: आपला प्रतिस्पर्धी शोधणे

चार-पाच शर्यती झाल्या की निकालाच्या यादीत एक-दोन नावे पुन्हा पुन्हा आपल्या आगेमागे दिसू लागतात. त्यांतला एखादा नेहमी दहा-वीस सेकंद पुढे संपवणारा असतो. तोच आपला माणूस. ॲपमध्ये त्याला ‘फॉलो’ करावे, शर्यतीनंतर अभिनंदनाचा अंगठा द्यावा, दोन ओळींचा संदेश टाकावा आणि पुढच्या आठवड्याची शर्यत त्याला विचारून निवडावी. विजेत्याशी आपला काही संबंध नसतो. परंतु सव्विसावा आणि सत्ताविसावा यांच्यातली चुरस महिनोन्‌महिने पुरते आणि पहाटे उठायला दुसरे कारण लागत नाही.

ओळखीच्या एका घरातले उदाहरण सांगतो. वडील त्रेसष्ट वर्षांचे, साताऱ्यात. मुलगी चौतीस वर्षांची, मेलबर्नमध्ये. वडील ६४ किलो आणि १७० वॅट, मुलगी ५५ किलो आणि १५० वॅट. भागाकार केला तर २.६६ आणि २.७३, म्हणजे दोघे एकाच गटात. रविवारी सकाळी सहाला ती दोघे एकाच शर्यतीत उतरतात आणि फोन स्पीकरवर चालू असतो. सपाटीवर वडिलांचे वीस वॅट जास्त असल्याने ते पुढे असतात, चढ लागला की मुलगी हळूहळू येऊन मिळते आणि फोनवरून ओरडते, “बाबा, आता सोडू नका, माथा येऊ द्या, मग खाली माझ्यामागे लागा!” माथ्यापर्यंत ते टिकले तर शेवट सपाटीवर असल्याने जिंकतात, नाही टिकले तर ती जिंकते. एकोणतीस वर्षांचे अंतर असलेल्या बापलेकीला खऱ्या रस्त्यावर, एकाच देशात असूनही, इतकी बरोबरीची शर्यत लाभणे दुर्मीळ आहे.

जेथे ताकदीत मोठा फरक असेल तेथे मित्रांनी आपसांत काही ठरवून घ्यावे. खासगी राईडमध्ये बलवानाने नव्वद सेकंद उशिरा निघावे आणि अंतर दर आठवड्याच्या निकालावरून कमी-जास्त करावे, ही एक रीत. दुसरी, जी मला अधिक न्याय्य वाटते, ती सुधारणेच्या टक्क्यांची: आल्प द्यू झ्विफ्टवर एकाची जुनी वेळ ७२ मिनिटे आणि दुसऱ्याची ६०, तीन महिन्यांनी पहिला ७० वर आला आणि दुसरा ५९ वर, तर पहिल्याची सुधारणा २.८ टक्के आणि दुसऱ्याची १.७ टक्के, म्हणून पहिला जिंकला.

दोन ट्रेनरमधल्या फरकावरून वाद घालू नये. २०० वॅटवर दोन टक्क्यांची चूक म्हणजे चार वॅट. एका ट्रेनरने चार जास्त आणि दुसऱ्याने चार कमी दाखवले तर आठ वॅटचा फरक केवळ यंत्रांतून येतो आणि बरोबरीच्या दोन मित्रांत तेवढा फरक मुळातही नसतो. फारच खटकत असेल तर कोणाचे तरी पॉवर मीटरचे, म्हणजे स्वतःच वॅट मोजणारे, पेडल उसने आणून दोघांनी आळीपाळीने आपापल्या ट्रेनरवर पडताळून पाहावे आणि निघालेला फरक मान्य करून विषय मिटवावा. पाच सेकंदांच्या हारजितीवर निष्कर्ष काढू नये. एका मोसमातल्या दहा-बारा शर्यतींची बेरीज पाहावी. चेष्टा-मस्करी खुशाल करावी, मात्र कोणाच्या वजनावर, आजारपणावर किंवा औषधांवर बोलू नये.

आणि नेहमीचा प्रतिस्पर्धी दोन-तीन आठवडे यादीत दिसला नाही, तर त्याला संदेश पाठवून विचारपूस करावी. या वयात गुडघा, मोतीबिंदू, घरातले आजारपण अशा कारणांनी माणूस महिनोन्‌महिने बाहेर राहतो आणि परतताना त्याला आपले घटलेले आकडे सर्वांसमोर आणायचा संकोच वाटतो. तो परतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे शर्यत ठेवूच नये. सर्वांना एकत्र बांधून ठेवणारा पर्याय खासगी राईडमध्ये असतो, तो चालू करून त्याच्या वेगाने सोबत चालवावे आणि पुढची शर्यत कोणत्या मार्गावर ठेवायची, हे त्यालाच निवडू द्यावे.